जुन्या बोटीवर चढण्यापूर्वी

मी, शोभना दामोदर इंदलकर, वय अडुसष्ट, माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, सध्या राहणार खरड, पंजाब, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट घरातल्या सगळ्यांच्या सांगण्याविरुद्ध लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, कारण त्याबद्दल घरात दोन मतं आहेत.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं. येत्या मे महिन्यात मी 'डोना कोस्तान्झा' नावाच्या जुन्या प्रवासी बोटीने इंग्लंडहून नॉर्वेपर्यंत जाऊन परत येणार आहे. एकटी. माझा मुलगा मयुरेश म्हणाला, "त्या डबड्यावर तुला काही झालं, तर मी न्यायला येणार नाही." तेव्हा व्यवस्था लावून ठेवलेली बरी.

१. खरडचा फ्लॅट माझे यजमान, ऑनररी कॅप्टन दामोदर इंदलकर यांनी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून निवृत्त झाल्यावर घेतला आणि त्यांच्या मृत्युपत्राने तो माझ्या एकटीच्या नावावर झाला. माझ्या पश्चात तो मयुरेशचा. रागात चार शब्द बोलला म्हणून घर काढून घेणारी बाई मी नाही. मात्र मी जिवंत आहे तोवर त्याने तो विकण्याची भाषा करू नये आणि मी बोटीवर असताना दलालाला आणून खोल्या दाखवू नयेत. किल्ली शेजारच्या हरजिंदर कौर यांच्याकडे आहे. त्या मयुरेशला चहा पाजतील, पराठा खाऊ घालतील, किल्ली देणार नाहीत. तसं बोलणं झालं आहे.

२. बँकेतल्या ठेवी आणि माझे दागिने मयुरेशची थोरली, माझी नात स्वराली हिला. ती इथल्या विद्यापीठात शिकते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं कधी अडलं नाही. बोटीचा नकाशा मोठा छापून तिनेच आणला. "आजी, पक्का जाना है?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. असं माणूस घरात एक तरी असावं.

३. बोट. वकील म्हणाले, हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

मयुरेशने आधी एका नव्या जहाजाचं ठरवलं होतं. अठरा मजले, आत बाजार, वर घसरगुंड्या. तो आणि सून कश्मिरा बाल्कनीच्या खोलीत. मी आणि सहा वर्षांचा अंशुमन आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत. कश्मिरा म्हणाली, "आई, तुम्ही अंशूला झोपवा, म्हणजे आम्हाला शो बघता येईल." अंशुमन माझा जीव की प्राण आहे. पण त्याला मी गुरुग्रामला मयुरेशच्या घरीही झोपवते. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही.

म्हणून मी वेगळी खोली मागितली. तेव्हा कळलं, की एकट्या माणसाने दोघांचं भाडं भरायचं.

"दुसरं भाडं कोणाचं?"

"नियम आहे आई," मयुरेश म्हणाला. "खोली दोघांची असते."

यांना जाऊन तीन वर्षं झाली. शेजारची उशी मी अजून उचललेली नाही. ती रिकामी आहे हे मला रोज दिसतं. त्या रिकामपणाचं भाडं मी कोणालाही देणार नाही.

मी सातवी शिकलेली. पण जिथे बदली झाली तिथल्या वाचनालयात जाऊन बसले, आणि इंग्रजी शब्द लावत लावत वाचायला शिकले. तसंच हेही वाचलं. जुन्या बोटी लोकांना या देशातून त्या देशात पोचवण्यासाठी बांधलेल्या. त्यात नर्स असत, मास्तरणी असत, नोकरी शोधायला निघालेले एकटे जीव असत. म्हणून त्यात एकाच पलंगाच्या खोल्या आहेत. बोट पाण्यात खोल बसते, म्हणून लाटेत कमी हलते. लाकडी डेकवरून पूर्ण फेरी मारता येते. आणि घसरगुंड्या नाहीत म्हणून गिऱ्हाईक कमी, म्हणून तिकीट स्वस्त. दोषही सांगते: न्हाणीघरात वळायला जागा नाही, आणि पाइप वाजतात म्हणे. माझी खोली मी बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घेतली आहे. जेवणघराच्या खाली घेतली नाही, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

रविवारी मयुरेश आला. म्हणाला, "आई, ही बोट माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे."

"तुझ्यापेक्षा मोठी तर मीही आहे. तरी माझ्या हातची आमटी तीनदा मागून घेतलीस."

"विषय बदलू नकोस."

"बदलला नाही. वाढू का अजून?"

त्याने वाटी पुढे केली. जाताना ते न्यायला न येण्याचं वाक्य बोलून गेला.

४. माझे दीर अविनाश भावजी यांनी यजमानांच्या तेराव्याला दुखवट्याची म्हणून पांढरट साडी आणली आणि चारचौघांत म्हणाले, "वहिनी, आता हेच रंग शोभतात." ती साडी घडीही न मोडता कपाटात आहे. ती त्यांना परत द्यावी. बोटीसाठी मी जांभळी आणि डाळिंबी अशा दोन घेतल्या आहेत.

५. मी यजमानांचं अपुरं स्वप्न पुरं करायला चालले आहे, असं कोणी म्हणू नये. कश्मिराने ते नातेवाइकांत सांगायला सुरुवात केली आहे; बंद करावं. यांना समुद्र सोसत नसे. पोर्ट ब्लेअरची बदली झाली तेव्हा मद्रासहून बोटीने गेलो; हे सगळा प्रवास बादली धरून होते. मी कठड्याशी उभी होते. मला आत यावंसंच वाटेना. स्वप्न माझं आहे. फौजेत आमचा प्रत्येक प्रवास यांच्या वॉरंटवर, म्हणजे सरकारी प्रवासपासावर झाला, आणि वॉरंटवर माझं नाव नसे. "पत्नी, एक" एवढंच लिहिलेलं असे. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हे असते तर आजही बादली घेऊन सोबत आले असते, आणि मी जाऊ दिलं असतं. ते नाहीत. या तिकिटावर शोभना इंदलकर लिहिलं आहे.

६. बोटीवर मृत्यू आल्यास कप्तानांनी त्यांच्या नियमाने मला समुद्रात सोडावं. ते जमत नसेल, तर जे बंदर येईल तिथे दहन करावं. देह किंवा अस्थी भारतात आणू नयेत. अग्नी देण्याच्या कर्तव्यातून मी मयुरेशला मोकळं करते. हे रागाने लिहिलेलं नाही. बापाला अग्नी देताना तो दोनदा मागे फिरला, ते मी पाहिलं आहे.

७. जिवंत परतले, तर मात्र त्याने दिल्लीच्या विमानतळावर न्यायला यावं. ही विनंती नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे सांगूनच बोलावलं होतं.

सही: शोभना दामोदर इंदलकर

साक्षीदार:
१. हरजिंदर कौर, राहणार खरड
२. सुभेदार (निवृत्त) यतीन माने, राहणार पंचकुला

स्थळ: वकिलांचं कार्यालय, सेक्टर ३४, चंडीगड
दिनांक: २२ मार्च २०१९