गरम आरशांचं एका शनिवारचं काम

२ फेब्रुवारी, रविवार

नवी वही. संकल्प एकच, पण पोलादी. यंदा सासऱ्यांची, म्हणजे ओन्नीची, मासेमारीची खोली गोठलेल्या तळ्यावरून घरी मी आणणार. मी म्हणजे मी. मेहुणा नव्हे.

मागच्या मार्चचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. खोली पिकअपला जोडून तळ्यावरून आणली, झकास आणली. अंगणात मागे घेताना आरशावर बर्फ गोठलेला, ढिम्म काही दिसेना, आणि सॉनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं आडवं झालं. यात माझा दोष किती? शून्य. सगळा आरशाचा. पण गावभर नाव झालं ते डेल्मार स्कोगेनचं. आरशाला कोण बोलणार!

एकतीस वर्षं या रस्त्यांवर टपाल वाटलं मी. गाडीला ओरखडा नाही. (गाडी मागे घ्यायचीच नाही, हवं तर दोन मैलांचा वळसा घाला, असा आमच्या पोस्टमास्तरीणबाईंचा दंडक होता. पण तो मुद्दा वेगळा.)

आज चर्चनंतर जेवताना बायकोनं, मार्लीसनं, सगळ्यांसमोर सांगितलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांची म्हणून ही खोलीच काय ती उरलीय. १७ मार्चपर्यंत सगळ्यांनी तळं रिकामं करायचं असा सरकारी नियम. तोवर तू ती धड, कुठेही न ठोकता अंगणात लावलीस तर आपल्याकडे राहील. नाहीतर वेंडेलकडे, कायमची. आणि मग तोंड फुगवून बसायचं नाही.

वेंडेल तिचा धाकटा भाऊ. त्यानं बटाटा-खिम्याचं हॉटडिश परत वाढून घेतलं. मला कळतात असली वाढून घेणी.

खोलीत तसं आहे काय? चाकांवरचं हिरवं लाकडी खोकं. आत चूल, एक पलंग, मासे धरायला जमिनीला दोन भोकं. दाराच्या भिंतीवर आतून ओन्नीनं चाळीस वर्षं पेन्सिलीनं लिहिलेलं, कुठल्या दिवशी केवढा मासा. मार्लीस तिथे जाते, गळ टाकत नाही, नुसती वाचत बसते. ती खोली वेंडेलच्या अंगणात? छे!

उपाय सापडलाय. गरम होणारे आरसे. ट्रेलर ओढणाऱ्या लोकांचे ते लांब दांड्यांचे, आत हीटरवाले. एका शनिवारचं काम.

५ फेब्रुवारी, बुधवार

आरसे मागवले. इंटरनेटवर टेक्सासमधला एक दाढीवाला हे काम अकरा मिनिटांत करतो. मी नऊ धरतोय, कारण तो मध्ये मध्ये बोलतो.

प्रश्न पडला की टेक्सासात आरसा तापवायचाय कशाला. असो. ज्ञान कुठूनही घ्यावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आले! काय देखणे आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही मांडले आणि लांबून पाहिले, जवळून पाहिले. मार्लीस म्हणाली, जेवण कुठे वाढू, त्यांच्या मांडीवर?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ९.००. सुरुवात. बाहेर उणे अठरा फॅरनहाइट. गॅरेजमध्ये शेगडी, कॉफी, उत्साह.

९.४०. दाराचं आतलं आवरण निघालं. नऊ मिनिटं कधीच संपली, पण ती दाढीवाल्याची मिनिटं होती. प्लॅस्टिकच्या सात चिमट्यांतले पाच तुटले. कंपन्या उगाच जास्त चिमटे देतात.

१०.१५. जुना आरसा निघाला. तीनपैकी एक नट दाराच्या पोटात पडला. दार हलवलं की खुळखुळतो.

११.३०. नट काढण्यासाठी चुंबक टाकलं. आता चुंबकही आत आहे.

दुपारी ४.००. आरसे बसले, दोन्हीकडे! रुबाबच वेगळा. फक्त वायरचं जुळेना. आरशाच्या प्लगला पिना जास्त, माझ्या दारातल्या प्लगला कमी. व्हिडिओ पुन्हा लावला. दाढीवाला एकविसाव्या सेकंदाला हळूच म्हणतो, तुमच्या गाडीत कंपनीची हीटरची वायर आलेली असेल तर नुसतं जोडा. माझ्या गाडीत कंपनीची पायपुसणी आली होती.

असली गोष्ट माणसानं ओरडून सांगायला नको?

१६ फेब्रुवारी, रविवार

वेंडेल आला. मी बोलावलं नव्हतं. तो शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक आहे, गरम आरसे बसवण्यात त्याची हयात गेली असं त्याचं म्हणणं. दाराशी उकिडवा बसला आणि म्हणाला, डेल्मार, डॅशबोर्डखालून वेगळी वायर घ्यायची, तिला वेगळा फ्यूज, वेगळा स्विच, दाराच्या रबरी नळीतून बाहेर काढायची, झालं. अर्ध्या दिवसात करून देतो, एक बिअर पाज.

म्हटलं, आभारी आहे, माझी पद्धत वेगळी आहे. तो म्हणाला, कुठली? म्हटलं, ठरतेय.

बस वेगळी आणि पिकअप वेगळी. पण त्याला कोण सांगणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी २.१०. पद्धत ठरली! अंघोळ करताना सुचलं. वीज आणायला डॅशबोर्डपर्यंत जायचंच कशाला, वीज तर दारात आहे! खिडकीची काच खालीवर करणारी मोटर दारातच असते. तिच्याच वायरीतून घेतलं. दोन्ही दारांत. वेंडेलचा अर्धा दिवस, माझे तीन तास. (चिकटपट्टी संपली म्हणून दुकानात जाऊन आलो ते धरून पाच.)

बटण दाबलं, आरशावर तळहात ठेवला. कोमट! मग चांगलाच गरम! मार्लीसला बोलावून तिचाही हात ठेवायला लावला. ती म्हणाली, खरंच की रे. हसलीसुद्धा. असं माझ्याकडे बघून ती धुराड्यानंतर पहिल्यांदाच हसली.

एक बारीकशी गोष्ट राहिलीय. आरसा तापवायचं बटण आणि काच खाली करायचं बटण आता एकच आहे. म्हणजे आरसा तापतो तेव्हा खिडकी उघडते. तेवढीच मोकळी हवा. टपाल वाटताना एकतीस वर्षं खिडकी उघडीच होती, काही झालं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चला नव्या आरशांनिशी. उणे चौदा. आरसा स्वच्छ व्हायला बटण चार मिनिटं दाबून धरावं लागतं. तेवढ्या वेळात चर्च येतं.

मार्लीस गोधडी गुंडाळून बसली होती. म्हणाली, डेल्मार, आरसा गरम झालाय, मी नाही झाले. पाद्रीबाईंनी दारातच विचारलं, तब्येत बरी आहे ना, ओठ निळे दिसताहेत. मार्लीस म्हणाली, आमच्याकडे आरशांची काळजी घेतात.

वेंडेल मागच्या बाकावर बसून खांदे हलवत होता. प्रार्थनेत खांदे हलत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

थंडी मोडली. शून्याच्या वर पस्तीस फॅरनहाइट, म्हणजे बर्फ वितळण्याइतकं. वेंडेलचा फोन. तळ्यावर बर्फावर पाणी आलंय, आजच खोली जॅकनं उचल आणि खाली फळ्या सरकव. पुन्हा गार पडलं तर चाकांसकट गोठेल.

हे मला सांगतोय! लहान पोरालाही माहीत असतं. म्हटलं, करतो. आधी आरशांचं मार्गी लावतो, मग फळ्या. कामाला क्रम असावा लागतो.

८ मार्च, शनिवार

सकाळी. पुन्हा उणे दोन. आज पूर्ण चाचणी, दोन्ही आरसे एकदम, सलग पाच मिनिटं.

११.२५. तिसऱ्या मिनिटाला टक् असा आवाज. फ्यूज गेला. काचा दोन्ही खाली होत्या. त्या आता खालीच आहेत.

१२.१०. नवा फ्यूज. टक्.

१२.१५. आणखी एक. टक्. फ्यूजचा माल हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही.

दुपारी ३.००. दोन्ही खिडक्यांना जाड प्लॅस्टिक चिकटवलं. वारा बंद, बर्फ बंद. समाधान. फक्त आता प्लॅस्टिकमधून आरसा दिसत नाही. आरसा आहे एवढं कळतं.

मार्लीस दारात उभी राहून बघून गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

फळ्या: उद्या.

१२ मार्च, बुधवार

लव्हॉनच्या दुकानात कॉफीला गेलो. गळ आणि किडे ती विकते, आणि दर फेब्रुवारीत भिंतीवर फळा लावते. तळ्यावरून कोण शेवटी निघणार, यावर गाव पैजा लावतं. हरेल त्यानं अ‍ॅपल पाय करायचा. यंदा फळ्यावर दोनच रकाने होते. डेल्मार आणेल. वेंडेल आणेल.

वेंडेलच्या खाली जागा पुरली नाही, कागद जोडलाय. वेंडेलनं स्वतः नाव घातलं नाही, तेवढी लाज आहे.

माझ्या खाली दोन नावं. एक माझं, ते मीच खडूनं लिहिलं. त्याच्यावर आधीपासून मार्लीसचं होतं.

मी लव्हॉनला विचारलं, हे कधी लिहिलं तिनं? ती म्हणाली, फेब्रुवारीतच. आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली, चेष्टा कराल तर कॉफी बंद.

कॉफी तशीच टाकून निघालो. डोळ्यांत पाणी आलं. गाडीच्या खिडकीच्या प्लॅस्टिकला फट पडलीय, तिथून वारा लागतो.

संकल्प: रविवारी आणायचीच. मार्लीससमोर. धड.

१६ मार्च, रविवार

सकाळी ८.००. उणे सहा, ऊन. अख्ख्या तळ्यावर एकटी हिरवी खोली. फळ्यांचं राहिलं होतं. चाकं निम्मी बर्फात आणि जोडायची दांडी बर्फाखाली वीतभर.

१०.३०. कुऱ्हाडीनं अडीच तास. दांडी दिसते, पण हलत नाही. मार्लीस म्हणते, वेंडेलला बोलावू का, तो गरम पाणी आणि बर्फाची करवत घेऊन येईल. म्हटलं, एक दिवस आहे अजून, माझ्यावर विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवलाय रे, तेच तर.

११.००. आरशांचा प्रश्न मात्र सुटला. बॅटरीतून थेट वायर, बॉनेटवरून आरशांत. प्लॅस्टिक फाडून टाकलं. दोन मिनिटांत आरसे लख्ख! आयुष्यात मागचं इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. मार्लीसला ओरडून सांगितलं. तिनं लांबून हात हलवला.

११.१५. दांडी सुटत नाही तर नाही, पट्टा दाराच्या भिंतीलाच बांधला. दारातून आत, शेजारच्या खिडकीतून बाहेर, वर गाठ. टपालाच्या थैल्यांची गाठ. ती कधी सुटत नाही.

११.२०. सुटली नाही.

संध्याकाळी लिहितोय. हळूच गिअर टाकला, डोळे आरशावर. एकदम हलकं वाटलं. आली! आरशात सगळं बारकाव्यासकट दिसत होतं. हिरवं दार माझ्या मागे येत होतं, कडी, खिडकी, पडदा, सगळं. त्याच्या मागे, होती तिथेच, तीन भिंतींची खोली. चूल, पलंग, खुंटीला ओन्नीचा कोट. आणि कोटासमोर, बाहेर बर्फावर, मार्लीस, तोंडावर दोन्ही हात.

पन्नास फूट तसाच गेलो. थांबायचं सुचलंच नाही.

१७ मार्च, सोमवार

वेंडेल आणि लव्हॉन आले. गरम पाणी, करवत, जॅक. चार तासांत खोली सुटली. वेंडेल एक शब्द वावगा बोलला नाही. बोलायला हवं होतं त्यानं, मी उत्तरं तयार ठेवली होती. उघड्या बाजूला ताडपत्री बांधून तो ती घेऊन गेला, त्याच्या अंगणात. एका झटक्यात मागे घेतली म्हणे. आरसे साधे, काचेवर धुरळा.

दाराची भिंत माझ्या मागे आली होती, म्हणून तेवढी आमच्या गॅरेजात. तिच्यावरचं बँकेचं जुनं कॅलेंडर ओढाताणीत पडलं. खाली पेन्सिलीत ओन्नीचं अक्षर. '९८, फेब्रुवारी. पाइक मासा, अकरा पौंड. आज जावयाला गाडी मागे घ्यायला दिली. पुन्हा नाही.

सभ्य माणूस. वर कॅलेंडर ठोकलं, सत्तावीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही.

मार्लीसनं वाचलं आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मी शेजारी बसलो. म्हटलं, माझं चुकलं, फळ्या घालायला हव्या होत्या. आरशाचं नाव नाही काढलं. ती म्हणाली, बाबांना तू आवडायचास रे, फक्त पुढे जाताना.

१९ मार्च, बुधवार

मार्लीस सकाळपासून अ‍ॅपल पाय करतेय. पैज हरली ना. मी सफरचंदं सोलून दिली.

वेंडेल संध्याकाळी आला, दारं उघडली, वेगळी वायर, वेगळा फ्यूज, वेगळा स्विच. पावणेदोन तास. काचा वर गेल्या. दाराच्या पोटातून नट निघाला, चुंबकही निघालं. मी बिअर पाजली. शनिवारी दाराची भिंत घेऊन ये, म्हणाला, दोघं मिळून ती परत बसवू, मग तुमच्याकडे सॉना घेऊ. तुझ्या मापाचा स्क्रूड्रायव्हर काढून ठेवतो.

माणूस वाईट नाही.

२२ मार्च, शनिवार

दुपारी ३.३०. वर बेचाळीस. बर्फ थेंब थेंब वितळतोय. आरसे तापवायची गरज नव्हती, तरी स्विच चालू केला. नवीन आहे.

भिंत पिकअपमध्ये चढवली, बांधली. मार्लीस आमच्या सॉनाच्या पायरीवर उभी. रात्री सगळे आमच्याकडेच येणार म्हणून तिनं आत चूल पेटवलेली. तिनं हात केला, ये मागे, ये, बरीच जागा आहे. दोन्ही आरसे लख्ख. उजव्या आरशात धुराडं दिसत होतं, वेंडेलनं बसवलेलं नवंकोरं. त्यातून धूर येत होता, म्हणजे दोन प्रकारे दिसत होतं. मार्लीस थांब म्हणतानाही दिसली.

संध्याकाळी ५.००. सॉना आता वेंडेलकडे, आमच्याकडे धुराडं उरलं नाही.

आरसा स्वच्छ होता.