खुर्चीतला रसिक

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून दवाखान्यात फक्त जुनी हिंदी गाणी. नवीन गाणी म्हणजे ड्रिलचा आवाज, आणि तो मी दिवसभर ऐकतोच. समाजाची अभिरुची कुणीतरी सुधारायला हवी. माझ्याकडे रोज पंधरा-वीस माणसं तोंड उघडून अर्धा तास पडून असतात. उठून जाता येत नाही. याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

५ मार्च, बुधवार.
लोकांचा दर्जा काय सांगावा. दाढ भरता भरता एका बँकवाल्याला विचारलं, अंतऱ्याआधी बासरी आहे की क्लॅरोनेट? 'आँ' म्हणाला. आयुष्यभर हेच म्हणणार. रिसेप्शनिस्ट (अकरा वर्षं नोकरी, कानाने शून्य) सांगत होती, दोघांनी आवाज कमी करायला सांगितलंय. मी वाढवला.

७ मार्च.
बायकोचं मत : घरी ऐकवता तेवढं पुरे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अजून मुखडा कुठला नि अंतरा कुठला कळत नाही. माफ केलं.
समोरच्या दातवाल्याकडे गर्दी. त्याच्याकडे गाणी नाहीत, काचेच्या पेटीत मासे आहेत. गिऱ्हाईकही तसलंच.

१० मार्च, सोमवार.
अखेर एक माणूस भेटला! वय ऐंशीच्या आसपास, मुलीने आणून बसवलं आणि ती बाहेर थांबली. फॉर्म समोर आला होता, पण नेमका सनईचा तुकडा लागला, त्यामुळे वाचला नाही. गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. जाणकार असेच असतात. दाढ काढायची होती. इंजेक्शन दिलं आणि लगेच पक्कड घेतली, कारण शेवटचा अंतरा जवळ आला होता. दाढ हलवली तशी त्यांनी हात वर केला. बरोब्बर समेवर! पुन्हा हलवली, पुन्हा हात. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही भरून आलं. जाताना माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं अजून दुखतायत.

१२ मार्च.
ठरलं. रविवारी पाच वाजता वेटिंग रूममध्ये जुन्या गाण्यांची मैफल. निवेदन माझं. प्रमुख पाहुणे : ते गृहस्थ. त्यांच्या मुलीला फोन केला. म्हणाली, मलाच तुम्हाला येऊन भेटायचं होतं. घराणंच रसिक दिसतं.

१४ मार्च.
भाषण बसवलं. एक तास चाळीस मिनिटं. बायकोला ऐकवलं. झोपली. तीस खुर्च्या भाड्याने सांगितल्या, तरी वीसेक कमी पडतील.

१६ मार्च, रविवार.
पाच वाजता हजर : बायको, आणि रिसेप्शनिस्ट, कारण किल्ली तिच्याकडे असते. सव्वापाचला ती मुलगी आली. एकटीच. मी पहिलं गाणं लावलं, खुर्ची पुढे केली. बसली नाही.
"बाबांना दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नाही," म्हणाली. "फॉर्मवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं."
मी म्हणालो, पण ते दाद देत होते, हात वर करून.
"दुखत होतं म्हणून हात वर करत होते. दुसरं काय करणार?"
आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. सांगत होती, बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत, खुर्ची म्हटलं की थरथरतात. मी येऊन त्यांना बघतो म्हणालो. ती नको म्हणाली, समोरच्या डॉक्टरांना दाखवलंय. मग गेली.
गाणं चालूच होतं. बायकोने उठून बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही तिघांनी खुर्च्या उचलल्या.

१७ मार्च, सोमवार.
गाणी लावली नाहीत. पहिला पेशंट तो बँकवाला, आता दुसऱ्या दाढेसाठी. फॉर्म वाचला. इंजेक्शन देऊन दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. फार लांब असतात. मग विचारलं, दुखतंय का? थोडं, म्हणाला. आणखी पाच मिनिटं थांबलो.
जाताना त्याने रिसेप्शनिस्टला विचारलं म्हणे, डॉक्टर बदललेत का.