पुढच्या गाईची घंटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, एका गुरेवाल्याची विधवा आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको इतकी चांगली आहे, डावा गुडघा गेलेला आहे. परंतु मृत्युपत्राला गुडघ्याची अट नसते, असे वकीलबाईंनी सांगितले.

माझा व्यवसाय : —

येथे गाडी अडली. वकीलबाई म्हणाल्या, "एकच लिहा."

"कुठला?"

"आत्ताचा."

"आत्ताचा म्हणजे आजचा, की सोमवारपासूनचा?"

त्यांनी पेन खाली ठेवले आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. ही जागा तूर्त कोरी सोडली आहे. शेवटी भरू.

कलम १. यापूर्वी याच टेबलावर मी केलेले मृत्युपत्र या लेखाने पूर्णपणे रद्द करीत आहे. त्यातील एक शब्दही, स्वल्पविराम धरून, यापुढे ग्राह्य मानू नये.

ते का केले होते, हे सांगितल्याशिवाय ते का मोडते आहे, हे कळणार नाही. माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि नंतर खिडकीबाहेर पाहिले. माणसाचा डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागला की रोग्याने काय समजायचे ते समजावे. मी घरी येऊन वकीलबाईंना बोलावले आणि एका बैठकीत सगळे सांगून टाकले : जमीन, घर, कळप, सर्व माझ्या मुलीला, अट अशी, की तिने इथेच राहावे, कळप मोडू नये, विकू नये. तिने अट मोडल्यास सर्व मिळकत माझ्या दिरांकडे जावी. दिरांना काही मिळावे अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. तो धाक होता. शेतात बुजगावणे उभे करतात, तसे मी दिरांना कागदात उभे केले होते.

मुलगी शहरात दातांच्या कवळ्या बनवते. तिचे स्वतःचे छोटे दुकान आहे; त्यात अनोळखी माणसांची हास्ये जबड्यानिशी फळीवर वाळत असतात. मी आजारी पडल्यावर ती दुकान बंद करून आली. वकीलबाईंनी मृत्युपत्र वाचून दाखवले तेव्हा तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "बरं."

माझी मुलगी लहानपणापासून एकदाही नुसते 'बरं' म्हणालेली नाही. ते माझ्या लक्षात आले होते. पण पोटात गाठ असली की माणूस सोयीचे तेवढेच ऐकतो.

गाठ काढली. ती तपासायला पाठवली. अहवाल आला तेव्हा डॉक्टर खिडकीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. "चरबी आहे हो नुसती. घरी जा, जेवा." मी त्यांना विचारले, मग त्या दिवशी खिडकीबाहेर काय पाहत होतात? म्हणाले, "माझी गाडी कुणीतरी अडकवून ठेवली होती."

कलम २. माझ्या मिळकतीचा उगम. कायद्याने हे सांगण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे.

मी मूळची संस्कृत शिकवणारी. शाळेने तो विषय बंद केला त्या दिवशी मुख्याध्यापक हसत हसत म्हणाले, "आता पुढे काय, बाई? गाई राखणार?" त्यानंतर वर्षभरात माझे लग्न एका गुरेवाल्याशी झाले. सदर मुख्याध्यापक हयात असल्यास त्यांना माझ्यातर्फे एका शब्दाचे उत्तर कळवावे : हो.

इथे आले तेव्हा मला गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय एवढाच फरक ठाऊक होता, आणि लाथ बसल्यावर तोही नीट ठाऊक झाला. पहिल्या आठ गाईंना मी आठ विभक्तींची नावे दिली. प्रथमा, द्वितीया, तृतीया आणि पुढे. संबोधन अर्थातच दिवसभर हंबरायची. नवरा म्हणायचा, "अगं, गाईला हाक मारताना जीभ अडकते माझी." पण मारायचा. भला माणूस होता. त्याने मला धार काढायला शिकवले, घोडीवर बसायला शिकवले, आणि मुलगी चालायला लागण्याआधी तो गेला.

त्यानंतर मी दूध विकले. दुधाला कुणी विचारीना तेव्हा चीज बनवले. पहिली दोन वर्षे त्या चीजचा उपयोग दार उघडे राहावे म्हणून त्याला टेकू लावायला होत असे. तिसऱ्या वर्षी हॉटेलवाले दारात उभे राहू लागले. मग शहरातल्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवले. गुडघा गेला तेव्हा एका साप्ताहिकासाठी गुरांच्या बाजाराची वार्ताहर झाले, ती आजतागायत आहे. संपादकांनी इतक्या वर्षांत माझ्या मजकुरातून कापलेली सर्व विशेषणे मी त्यांनाच देत आहे. त्यांनी ती जपून वापरावीत. त्यांना सवय नाही.

कलम ३. घंटा.

पितळेची एक घंटा माझ्या ताब्यात आहे. ती माझ्या सासऱ्यांची. सकाळी कळप कुरणाकडे निघतो तेव्हा एक गाय पुढे चालते आणि बाकीच्या तिच्या मागे ओळीने. त्या पुढच्या गाईच्या गळ्यात ही घंटा. आमच्यात ती गाय तृतीया होती : हडकुळी, एका शिंगाची, पण बाकीच्या तिच्या शेपटीवरून नजर काढत नसत.

नवरा गेल्यावर दिरांनी वाटणी मागितली. आमच्याकडची रीत अशी, की एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. मी वाटे केले. भाऊजींनी दोन्ही कुंपणांभोवती फेरी मारली, धष्टपुष्ट जनावरांचे कुंपण उचलले आणि मला म्हणाले, "वहिनी, पुस्तकं वाचून जनावर कळत नसतं."

दोन्ही फाटके एकदमच उघडली. तृतीया नेहमीच्या वाटेने माझ्या गोठ्याकडे निघाली. तिच्या मागे माझा वाटा निघाला. त्याच्या मागे भाऊजींचाही निघाला. ते काठी घेऊन मध्ये उभे राहिले, तर गाई त्यांना वळसा घालून गेल्या, अगदी आदराने. रोज संध्याकाळी भाऊजी आपल्या गाई माझ्याकडून घेऊन जात आणि रोज सकाळी त्या परत येत.

शेवटी ते म्हणाले, "घंटा सामाईक आहे. घंटा मला पाहिजे." मी सोडून दिली. त्यांनी ती आपल्या सगळ्यात देखण्या गाईच्या गळ्यात बांधली. दुसऱ्या दिवशी ती गाय दोन पावले चालली, गळ्याखाली टण्ण झाले, ती दचकली, उधळली, जितकी पळेल तितकी घंटा वाजे आणि जितकी वाजे तितकी ती पळे. बाकीचा कळप रवंथ करीत पाहत होता. मग तृतीया, गळ्यात काहीही नसताना, कुरणाकडे चालू लागली आणि सगळ्या तिच्या मागे गेल्या.

भाऊजींनी घंटा माझ्या अंगणात आणून टाकली, आपला वाटा मला विकला आणि बाजारात रंगाचे दुकान काढले. त्यानंतर आमचे बोलणे "ऊन आहे" आणि "आहे" एवढेच.

कलम ४. हे मृत्युपत्र बदलण्याचे कारण. येथे वकीलबाईंनी 'प्रेमापोटी व आपखुशीने' असे छापील वाक्य सुचवले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

मी इस्पितळात असताना भाऊजी संत्री घेऊन आले. ऊन असल्याचे आमचे एकमत झाले. मग भुलीच्या औषधाचा अंमल असेल किंवा काही असेल, मी त्यांना जुन्या मृत्युपत्रातली अट सांगितली.

"म्हणजे मी बुजगावणं?" भाऊजी म्हणाले.

"तात्पुरते."

"छान. आणि पोरगी काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

त्यांनी एक संत्रे सोलले, मला न देता स्वतःच खायला लागले. मग म्हणाले, "वहिनी, मी घंटा गाईच्या गळ्यात बांधली होती. तुम्ही पोरीच्या बांधताय."

"ती पुढे चालेल, भाऊजी."

"चालेल की. पळतच सुटेल. माझीही पळालीच होती."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेले हे पहिले लांब वाक्य, आणि तेही बरोबर असावे, याचा मला फार राग आला. मी डोळे मिटून झोपल्याचे नाटक केले. उरलेली संत्री ते परत घेऊन गेले.

घरी आले तर मुलगी माझ्या अहवालाच्या आनंदात होती. आणि तिने दुकान विकायला काढले होते. घेणारा सोमवारी सही करायला येणार होता. मी गोठ्यात गेले. ती एका म्हाताऱ्या गाईचा खालचा ओठ ओढून दात पाहत होती. गाईचे दात पाहून वय ओळखायला तिला मीच शिकवले. तिथूनच तिचा धंदा निघाला.

"तुला इथं राहायचंय का गं?" मी विचारले.

"तू लिहिलंयस ना तसं."

"मी काय विचारलं, तू काय सांगतेस?"

तिने गाईचा ओठ सोडला, हात पुसले. "आई, मला गाई आवडतात. दुरून."

"मग इतके दिवस बरं बरं काय चाललं होतं?"

"तू मरत होतीस."

"आता नाही मरत."

"तेच ना! आता पंचाईत झालीय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की म्हातारी गाय बाजूला सरकली. हसताना टाक्यांना कळ आली, म्हणून मी खांबाला धरून हसले. मग तिने डोळे पुसत विचारले, "आणि तुला? तुला राहायचंय इथं?"

हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. मी 'हो तर' म्हणायला तोंड उघडले आणि तोंडातून 'नाही' आले. शब्द बाहेर पडल्यावर मी मागे वळून पाहिले, कुणी दुसऱ्यानेच म्हटले की काय. नंतर पोटातले वजन उतरले. डॉक्टरांनी काढले होते त्याहून कितीतरी मोठे.

सोमवारी येणाऱ्या गिऱ्हाइकाला मुलीने गोठ्यातूनच फोन करून नाही म्हणून सांगितले.

कलम ५. सबब, माझ्या पश्चात व्यवस्था येणेप्रमाणे :

घर आणि माझी सर्व शिल्लक मुलीला, बिनशर्त. तिने घरात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे किंवा वर्षातून एकदा येऊन नुसते कुलूप पाहून जावे. कोणीही तिला 'आईची इच्छा होती' असे म्हणू नये. आईची इच्छा या कलमात संपली.

कळप, गोठा आणि कुरण कर्णाला. कर्णा म्हणजे आमची गुराखीण. आवाजामुळे तिला हे नाव पडले, आणि ते तिला अभिमानाने सांगता येते, तेही दोन टेकड्या पलीकडे ऐकू जाईल असे. तृतीया गेल्यापासून कळप कर्णाच्या मागे चालतो. तिच्या गळ्यात घंटा नाही, गरजही नाही. तिने हा कळप माझ्याकडे कित्येकदा मागितला आहे.

"बाई, तुम्ही मेल्यावर गाई कुणाच्या?"

"मेल्यावर विचार."

"मेल्यावर तुम्ही उत्तर देणार का?"

हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून कळपाचा ताबा तिला सोमवारीच देत आहे; या लेखात नोंद एवढ्यासाठी, की त्याआधी मला काही झाले तर तिने आरडाओरडा करू नये. एरवीचा पुरेसा आहे. माझ्यामागे शोकसभा झालीच, तर तिला आधी बोलू द्यावे. मग इतरांना वेळ उरणार नाही आणि सगळे जेवायच्या वेळेत घरी जातील.

चीजचे साचे आणि खोगीर जो मागेल त्याला. दोघांनी मागितल्यास एकाने वाटे करावेत, दुसऱ्याने उचलावा.

संस्कृत शब्दकोश जनावरांच्या डॉक्टरांना द्यायचा होता. ते गोठ्यात आले की आधी तो चाळतात, मग गाईकडे वळतात. परंतु ते या लेखाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही मिळता कामा नये असा नियम आहे. हा नियम मला आधी कळला असता, तर भाऊजींनाच साक्षीदार केले असते. कोश मुलीला. टेबलाच्या आखूड पायाखाली घातला तरी चालेल, फक्त पालथा घालू नये.

कलम ६. घंटा भाऊजींना. सोबत निरोप : संत्र्यांची साले तेवढी तुम्ही इस्पितळात विसरलात. घंटा दुकानाच्या दारावर टांगावी, दार ढकलल्यावर वाजेल अशी. ती वाजेल तेव्हा जो कोणी असेल, तो आपल्या पायांनी आत आलेला असेल. मी मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. शनिवारी येऊन घेऊन जावी. दुपारी जेवायलाच यावे.

कलम ७. वर कोरी सोडलेली जागा वकीलबाईंच्या समक्ष भरीत आहे.

माझा व्यवसाय : होडी चालवायला शिकणारी. सोमवारपासून, बंदरावर. शिकवणारा म्हातारा म्हणाला, "या वयात?" मी म्हटले, तुमच्या वयाला शिकवता येते, तर माझ्या वयाला शिकता येईल. जिथवर नजर जाईल तिथवर चरण्याजोगे काहीही नाही, असे काहीतरी मला आता पाहायचे आहे.

वकीलबाईंनी हे लिहून घेतले आणि म्हणाल्या, "याला व्यवसाय म्हणत नाहीत, बाई."

"गाईंच्या वेळीही असेच म्हणाले होते," मी म्हटले.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मला समजले आणि आवडले. सबब सही.

सही : (केली आहे)

साक्षीदार १ : माणसांचे डॉक्टर. "सही करणारी बाई पूर्ण शुद्धीत आहे. गाठ नाही. मी या वेळी खिडकीबाहेर पाहिलेले नाही."

साक्षीदार २ : जनावरांचे डॉक्टर. "तपासले. दात ठीक, डोळे तेजस्वी, स्वभाव मारका. आणखी बरीच वर्षे टिकेल."

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल, खिडकीजवळची बाजू.

दिनांक : आज शुक्रवार. सोमवारला अजून अवकाश आहे.