भेट द्यायच्या पुस्तकाचा शेवट

आई,

ठाण्यात हल्ली पुस्तकं खोक्याने विकतात. तुला खोटं वाटेल, पण एक खोका घ्यायचा, त्यात मावतील तेवढी पुस्तकं कोंबायची आणि पैसे फक्त खोक्याचे द्यायचे. दिवाळीच्या तोंडावर असा बाजार भरतो आणि लोक कांदे निवडावेत तशी पुस्तकं निवडतात. मीही त्यातलीच. परवा माझ्या शेजारी एक बाई जाडजूड पुस्तकं बाजूला सारून बारीक बारीक भरत होती, म्हणजे जास्त मावतात. तिच्याकडे बघून तुझी इतकी आठवण आली की मी सरकून तिला जागा करून दिली. डोंबिवलीत तर आपलं जुनं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याचं जुनं घेऊन यायचं, असा मेळावाच असतो. आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ कपाट ठेवलंय, हवं ते न्या, वाचून झालं की परत ठेवा. फोनवर फुकट काय काय मिळतं ते तर विचारूच नकोस, कोणतं वाचावं हे ठरवेपर्यंत डोळे मिटायला लागतात. तू असतीस तर तुझी नुसती चंगळ झाली असती. हे सगळं तुला सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलेय. पाठवायचा प्रश्नच नाही.

आपल्या घरात पुस्तक विकत घेणं ही चैन होती. बाबा वाईट नव्हते, पण लायब्ररी असताना विकत कशाला, हे त्यांचं म्हणणं ठाम होतं. आहेर मात्र करावाच लागतो, हे त्यांनाही मान्य होतं. मग तू लग्न, मुंज, बारसं, भाऊबीज, सगळ्यांना सरसकट पुस्तकं द्यायला लागलीस. डोंबिवलीच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागायचं, आणि शेवटच्या दिवशी सवलत वाढते हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिल्या दिवशी जायचं, हवं ते पुस्तक हेरायचं आणि ते गुपचूप लोणची-मुरंब्यांच्या पुस्तकांमागे सरकवून यायचं. शेवटच्या दिवशी तू ऑफिसातून परस्पर तिकडे जायचीस आणि ते तिथेच असायचं. घरी येताना तुझा चेहरा असा असायचा, की बाबा न विचारता चहा टाकायचे.

आणि मग आपण ते भेट द्यायचं पुस्तक आधी वाचून घ्यायचो. वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, हात धुऊन पुसायचे, पुस्तक अर्धवटच उघडायचं म्हणजे पाठीला घडी पडत नाही, आणि वाचताना खायचं नाही. शेवटचा नियम मला फार जड जायचा. आधी तू वाचायचीस, मग मी. माझं होईपर्यंत तू तोंडातून अवाक्षर काढायची नाहीस. मी शेवटचं पान मिटलं की तू गॅस बारीक करून ओट्याला टेकायचीस आणि म्हणायचीस, हं, बोल. त्या बोलण्यासाठीच मी वाचायचे, हे मला खूप उशिरा कळलं. पुस्तक मग कोऱ्यासारखं गुंडाळलं जायचं आणि लोकांच्या घरी जायचं. तू गेल्यावर भेटायला आलेल्या एकीने विचारलं, एवढी वाचायची, मग हिची पुस्तकं कुठायत? पुस्तकं लोकांच्या कपाटात होती आणि आपल्याकडे एकही नव्हतं.

त्यातलं एकच माझं वाचून पुरं झालं नाही. कल्याणच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर तुझ्या शेजारी बसणाऱ्या मावशीचं लग्न होतं, आणि नेमकी माझी सहामाही. परीक्षा संपेपर्यंत तू पुस्तक वर, पिठाच्या डब्यामागे ठेवलंस. संपल्यावर मी अधाशासारखं वाचलं तरी लग्नाच्या सकाळी शेवटचं प्रकरण उरलंच. त्यातल्या मुलीची आई दवाखान्यात असते आणि मुलगी तिला भेटायला निघालेली असते, तिथे मी होते. तू साडी नेसून तयार, पुढ्यात रंगीत कागद, आणि मी पुस्तक सोडेना. मी रडायला लागले. तू ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलंस आणि गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, ऐक, मी सांगते. मुलगी पोचते. आई कॉटवर उठून बसलेली असते. दोघी घरी येतात, मुलगी भात लावते, आणि आई म्हणते, जरा मऊच झालाय. एवढं सांगून तू चिकटपट्टी दातांनी तोडलीस आणि बाबांना हाक मारलीस. मला तो शेवट फार आवडला. लग्नात मी दोनदा मठ्ठा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात तुला ठाण्याच्या दवाखान्यात ठेवलं. मला कोणी काही नीट सांगत नव्हतं, पण मला भीती अशी वाटलीच नाही. मी रोज संध्याकाळी पाणी जास्त घालून भात लावायचे. बाबा एकटेच यायचे, तो मऊ भात खायचे, आणि मी मनात म्हणायचे, उद्या. एके दिवशी ते दुपारीच आले आणि मागून आत्या आली. आत्याने मला जवळ घेतलं तेव्हाही मी तिला विचारलं, आई कधी येणारे? आत्याचं तोंड मला अजून दिसतं. मला तिचा राग आला होता, तिला शेवट माहीत नाही म्हणून.

त्यानंतर मी ते पुस्तक शोधत राहिले. कोणाला दिलं ते आत्ताआत्तापर्यंत आठवत नव्हतं, त्या वर्षी लग्नं काय थोडी झाली? आणि पुस्तक पुन्हा छापलं गेलंच नाही. रद्दीच्या दुकानात, खोक्याच्या बाजारात, डोंबिवलीच्या मेळाव्यात, फोनवरच्या फुकट लायब्रऱ्यांत, सगळीकडे आधी त्याचं नाव बघायचं आणि मग बाकीचं. नवरा म्हणतो, तुझ्याकडे तीनदा घेतलेलीसुद्धा पुस्तकं आहेत, एक मिळालं नाही तर काय बिघडलं? त्याला काय सांगू? मला त्या मुलीला आणि तिच्या आईला घरी येताना छापलेल्या अक्षरांत बघायचं होतं. आयुष्यात तेवढं एक तरी नीट झालेलं हवं होतं.

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मुलाकडे पुण्याला कायमची चाललेय, घर आवरतेय, दिवाळीचं येऊन जा. शहाडला तिच्याकडे मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. भेट म्हणून एक नवं पुस्तक नेलं, सवयीने. ते हातात घेऊन ती हसली. "अगं, आता मला अक्षर कुठे दिसतं? पण तुझ्या आईचीच तू. थांब, तुला एक दाखवते." आणि तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे लग्नात दिलेलं तिने. मी कधी वाचलंच नाही बघ, मला कुठे वेड होतं? पण तिने आधी वाचलं असणार. खोड होती तिला, बोर्डावर आम्ही हसायचो तिला."

मावशी पंखा वाढवून माझ्या शेजारी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या लग्नाच्या आठवड्यातच रिपोर्ट आलेला तिचा. तुला माहितीये का? गाठ आहे म्हणून सांगितलेलं. बोर्डावर बसल्या बसल्या मला सांगितलंन, आणि वर म्हणते, तुझं लग्न होईपर्यंत कोणाकडे बोलू नकोस. मुलीला तर अजिबात नको."

हे मला माहीत नव्हतं. मावशी चहा टाकायला उठली आणि मी शेवटचं प्रकरण उघडलं. फार मोठं नाहीच ते. मुलगी दवाखान्यात पोचते. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली असते. नर्स तिच्या हातात रुमालात बांधलेल्या बांगड्या देते आणि मुलगी एकटी घरी जायला निघते. बस्स. भाताचं कुठेही नाव नाही.

खरं सांगू? आधी मला तुझा संताप आला. मी तुझ्या भरवशावर रोज पातेलं चढवत होते. मला थोडं तरी कळू दिलं असतंस तर मी दवाखान्यात येण्याचा हट्ट केला असता, तुझ्याजवळ बसले असते, काहीतरी बोलले असते. मग माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळ आली. रिपोर्ट आलाय, साडी नेसलीयस, समोर पोर रडतेय आणि विचारतेय, आई, पुढे काय होतं? तू काय सांगायला हवं होतंस? इतकी वर्षं मला वाटायचं की तू मला पुस्तकातलं सांगितलंस. तू तुझं सांगत होतीस. तुला घरी यायचं होतं. त्या शहाडच्या घरात मी तोंडावर पदर धरून रडले, आई, इतकी तर तू गेलीस तेव्हाही रडले नव्हते.

मावशी कप घेऊन आली तोवर मी डोळे पुसले होते. तिला धूसर दिसतं, ते माझ्या पथ्यावर पडलं. पुस्तक तू ने, म्हणाली, माझ्यापाशी नुसतं पडून राहील. मग बशीत चहा ओतता ओतता तिने विचारलं, "काय गं होतं त्यात? मला आपलं नेहमी वाटायचं, एकदा विचारावं कोणालातरी. आई-मुलीचं आहे ना ते?"

मी म्हटलं, "हो. आई आजारी असते."

"जाते का गं ती?"

"नाही," मी म्हटलं. "बरी होते. दोघी घरी येतात."

मावशीने मान हलवली. "बरं झालं," म्हणाली. खोटं सांगितल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. तुला म्हणून सांगते, बोलून संपलं तेव्हा क्षणभर मी दाराकडे बघितलं.