ऊठ गो मेले

बाई, तुम्ही जे करायचात त्याला नाव आहे म्हणे. परवा नातीने सांगितलं. मालाडला समुपदेशनाचा कसला तरी कोर्स करतेय ती. जाडजूड पुस्तकं आणते आणि घरी आली की सराव माझ्यावरच. "आजी, तेव्हा तुला आतून काय वाटलं?" मी म्हटलं, आतून भूक वाटली, कुकर लाव. खो खो हसते कार्टी. हसली की तिचं सुपारीएवढं नाक वर जातं आणि मला असा आनंद होतो बाई, की या वयात एवढा आनंद मला पेलतो कसा, याचंच नवल. तर तिने वाचून दाखवलं. अस्तित्ववादी की काय ते. माणसाला मरण आहे, आत माणूस एकटा आहे, जगण्याला अर्थ कुणी आयता देत नाही, आणि काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. समुपदेशकाने यातलं काही झाकायचं नाही, शेजारी बसून त्याच्याबरोबर बघायचं. मी चौथी शिकलेली, पण ऐकता ऐकता निवडायची कोथिंबीर हातात तशीच राहिली. म्हटलं, अगं, ह्या तर माझ्या मुलुंडच्या बाई!

तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित, तुमच्याकडे कितीजणी यायच्या. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. संपानंतर यांची गिरणी उघडलीच नाही, मग हे अंधेरीला एका कारखान्यावर वॉचमन लागले. दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. आमच्या मालवणाकडे लेकराला मायेनेसुद्धा मेल्या, मेले म्हणतात. जिभेवरच बसलेलं असतं ते, लाड करतानाही येतं. धाकटी आपली आपण उठायची. थोरलीचं उठणं म्हणजे तमाशा, गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची, आणि मी रोज, "ऊठ गो मेले, शाळेची वेळ झाली." एके दिवशी ती उठली नाही. अंग तव्यासारखं. मेंदूत ताप गेला म्हणाले इस्पितळात, आणि आठवडा व्हायच्या आत मी तिच्याशिवाय डोंगर चढून घरी आले.

त्यानंतर माझी जीभ आखडली. माझ्याच तोंडचा शब्द तिला लागला, हे मी घट्ट धरून बसले. धाकटीशी बोलायचीसुद्धा भीती. "बाळ, दूध घे." "बाळ, इकडे ये." पाहुण्यांच्या पोरीशी बोलावं तसं एकेक शब्द निवडून बोलायची. मग तेही बंद झालं. शेजारीण म्हणायची, "तिचं तेवढंच होतं गं, धाकटीकडे बघ." धाकटीकडेच तर बघवत नव्हतं मला. शेवटी तिच्या वर्गशिक्षिकेने यांना बोलावून सांगितलं, पोर शाळेत तोंड उघडत नाही, मुलुंडला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत शनिवारी एक बाई बसतात, आधी तिच्या आईला तिकडे न्या.

मला वाटलं गोळी द्याल, नाहीतर अंगारा. तुमच्याकडे दोन खुर्च्या, मध्ये टेबलसुद्धा नाही, आणि पाण्याचा तांब्या. तुम्ही बसलात, मी बसले. पंखा करकरतोय. तुम्ही लिहून घेत नाही, समजूत घालत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, बस धरून इथवर यायचं आणि गप्पच बसायचं, तर घरी काय वाईट होतं?"

"घरी कुणाबरोबर गप्प बसता?"

"कुणाबरोबर कशाला? एकटीच."

"मग इथे दोघी बसू," म्हणालात.

असा राग आला तुमचा! पण पुढच्या शनिवारी पुन्हा निघाले, हेही खरं. आणि तुमची ती खोड. मी म्हणे, "जगावं लागतंय." तुम्ही लगेच, "कोण लावतंय?" एकदा मी चिडून बोलले, "तुम्हाला पोर नाही वाटतं." तुम्ही म्हणालात, "नाही झालं. तुमचं दुःख मला कळलं, असं मी म्हणणारच नाही. पण इथून उठणारही नाही."

ज्या दिवशी मी ते सांगून टाकलं तो अजून डोळ्यांपुढे आहे. बाहेर कंपाउंडर कुणावर तरी खेकसतोय, औषधाला घरून बाटली आणायची असते म्हणून. आत मी म्हणतेय, "मीच मारली तिला. रोज मेले म्हणायची, एक दिवस देवाने ऐकलं." मला ठाऊक होतं तुम्ही काय म्हणाल. शब्दाने कोण मरतं का, वेडी कुठली, असं सगळेच म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना खोटं पाडायची. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. हळूच म्हणालात, "तुमच्या शब्दाने मेली असेल, तर तिच्या मरणाला कारण आहे. आणि कारण नसेलच काही, तर?"

थोबाडीत द्यावीशी वाटली तुमच्या. कारण नाही म्हणजे? दोन वेण्यांची माझी पोर, मधल्या सुट्टीतली अर्धी चिंच बहिणीसाठी कागदात बांधून आणणारी, ती काय उगाच गेली? उगाच? तो शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि मी अशी रडले बाई, की इस्पितळातसुद्धा तशी रडले नव्हते. दोष माझा होता तोवर ती माझ्या मुठीत होती. मूठ उघडली आणि ती खरोखर गेली. तुम्ही "रडू नका" म्हटलं नाहीत. खुर्ची पुढे ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसलात. मी विचारलं, "तुम्हाला नाही भीती वाटत मरणाची?" तुम्ही म्हणालात, "वाटते. फार वाटते." माझं मी पदराने नाक पुसलं आणि बसस्टॉपवर गेले.

मग धाकटीचं ते. एका संध्याकाळी दारात बसून ती म्हणते, "आई, तू मला मेले का नाही म्हणत? ताईलाच म्हणायचीस. मी आवडत नाही का तुला?" शनिवारपर्यंत कशी थांबले माझं मला माहीत. आल्या आल्या तुम्हाला म्हटलं, "सांगा बाई, म्हणू की नको? तुम्ही म्हणाल ते करते."

"मी नाही सांगणार."

"मग इथे बसलाय कशाला तुम्ही?"

"म्हणालात, तर ती भीती तुमची. नाही म्हणालात, तर पोर वाट बघत राहील, तेही तुमचंच. गप्प राहणं काही आपोआप होत नाही. तेसुद्धा तुम्हीच रोज करताय."

सोमवारी सकाळी धाकटी जागी होती, मला कळत होतं. डोळे मिटून, गोधडी डोक्यावरून ओढून पडलेली, थेट ताईसारखी. स्टोव्हवर चहा उतू चाललाय. आणि मी म्हटलं. "ऊठ गो मेले." गोधडीच्या आतून खुदकन हसू आलं. मी तिला शाळेत सोडलं आणि घरी गेलेच नाही, फाटकाबाहेर भेळवाल्याच्या सावलीत दिवसभर बसले. सुटल्यावर दप्तर माझ्या अंगावर फेकत म्हणाली, "आई, तू इथेच? कुणी मारलं का तुला?" तीच माझ्या नातीची आई, बोरिवलीला असते, आता तिलाच गुडघ्यांचं दुखणं.

पुढे तुम्हीच म्हणालात, आता वाटेल तेव्हा या. मी संसारात गुंतले. दिवाळीचा चिवडा घेऊन आले तर खोलीत खोकी रचलेली. कंपाउंडर म्हणाला, "बाई वारल्या की मागल्या पावसाळ्यात. तुम्ही यायचात तेव्हापासूनच आजारी होत्या." मी तिथेच पायरीवर बसले. भीती फार वाटते म्हणालात, तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नव्हतं, कसली हो बाई? तुम्ही माझ्यासाठी उठला नाहीत, आणि तुमच्याजवळ कोण बसलं असेल?

नात विचारते, "मग बाईंनी बरं केलं का तुला?" पोरीला काय सांगू? दुखायचं थांबलं नाही. दुखतंय ते घेऊन मी डोहाळजेवणं केली, बारशी केली, खळखळून हसलेसुद्धा. हा कागद मी तिला दाखवणार नाही. लिहून झाला की फाडून टाकीन, कारण एक गोष्ट यात आहे जी तिला सांगितलेली नाही, तिच्या आईला तर नाहीच. थोरलीचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. आणि आता तिचा चेहरा मला आठवत नाही, बाई. डोळे मिटले की नातीचा येतो. मी तो येऊ देते.