टिटवीला चाळीस खांदे

मुहर्रक, बहरीन
७ नोव्हेंबर १९९३

माझ्या मायेच्या महमुदाआपास, धाकटा भाऊ अलीमियाँ याचा डोकं लववून सलाम.

मी जिवंत आहे आणि तब्येत उत्तम आहे. (ही ओळ दोनदा वाच. चष्मा सापडत नसेल तर खदिजाकडून दोनदा वाचून घे. कारण पुढे येईल. मी गोष्ट शेपटीकडून सांगत नाही, हे तुला ठाऊक आहे.) आता तुमची खुशाली कळव. तुझे गुडघे जिना चढू देतात का? तुझ्या सुनेचं, खदिजाचं डोकं अजून उठतं का? सुंठ उगाळून लाव म्हणून लिहिलं होतं, लावली का? तिच्या नाझिशचे पुढचे दोन दात पडले होते, ते आले का? काळी शेळी व्याली का? शेळीचं मुद्दाम विचारतोय, त्यालाही कारण आहे. तुझा धाकटा खिजर इथं मजेत आहे. शिपिंग ऑफिसात टाय लावून बसतो आणि शब्द मोजून वापरतो. त्या काटकसरीनंच माझा घात केला, पण तेही पुढे.

दोन वर्षांमागे सुट्टीवर आलो होतो, तेव्हा तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "अल्या, तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे नट आवळलेस. तुझ्या हातची एक तरी गाडी दाखव की!" एवढं बोलून तू सूप पाखडायला लागलीस, मला मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं. तुझी भावजय बानू असती तर तिनं हसून काढलं असतं. ती गेल्यापासून असली कुसळं माझी मलाच काढावी लागतात. येत्या रमजानआधी व्हिसा संपवून मी कायमचा घरी येणार. तर मनात घेतलं की यायचं ते स्वतःच्या हातानं बनवलेल्या गाडीत बसून, थेट तुझ्या दारात.

तशात गॅरेजात एका इंग्रज साहेबाच्या गाडीत मला विदरबेक या विलायती कंपनीचं माहितीपत्रक सापडलं. ही कंपनी गाडी विकत नाही, गाडीचे तुकडे विकते. जोडायचे आपण घरी. (आपण सुतार घरी बसवून पलंग करून घेतो ना, तसंच. फक्त सुतारही आपणच.) गाडी तीन खोक्यांत येणार: पहिल्यात बॉडी, दुसऱ्यात चासी म्हणजे खालचा सांगाडा, तिसऱ्यात दारं, वायरी आणि बाकीचं किडूकमिडूक. इंजिन आपलं आपण बघायचं. मॉडेलचं नाव लॅपविंग. खिजरनं डिक्शनरीत पाहिलं, लॅपविंग म्हणजे टिटवी. आता तूच सांग, घरावरून टिटवी ओरडत गेली की कुणीतरी जातं म्हणून अम्मा चुलीत मीठ टाकायची ना? तिथंच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण एकदा मन बसलं की टिटवीचीसुद्धा मैना होते.

ऑगस्टात एका शुक्रवारी पहिलं खोकं मीना सलमान बंदरात उतरलं. उचलायला माणसं हवीत म्हणून मी तिथूनच इशरतभाईच्या खानावळीत फोन लावला. सुट्टीच्या दिवशी आपली कोकणातली सगळी मंडळी तिथंच असतात. फोन खरखरत होता. मी ओरडून म्हटलं, "बॉडी उतरली! खांदा द्यायला माणसं पाठवा!" तिकडून इशरतभाई म्हणाला, "या अल्ला! कुणाची?" मी छाती फुगवून म्हटलं, "कुणाची म्हणजे? अलीमियाँची!" आणि फोन खलास.

तासाभरात चाळीस माणसं आली. डोक्यावर टोप्या, हातात कापूर, अत्तर, पांढरं कापड. त्यात बँकेतला जयप्रकाशही होता. (हा पुण्याचा. त्याची खटारा गाडी महिन्याला एकदा माझ्याकडे येते, म्हणून आमची दोस्ती.) त्यानं रडत रडत खोक्याला मोगऱ्याचा हार घातला आणि वर बघतो तर खोक्यावर हातोडा घेऊन मी!

"अलीमियाँ, तुम्ही? मग आत कोण?"

"आत लॅपविंग आहे."

त्यानं डोळे पुसले. "इंग्रज होता का बिचारा?"

पण आलेली माणसं रिकाम्या हातानं परत कशी जाणार? ट्रकपर्यंत त्यांनी खांदा दिला. आणि सवय ती सवय, खांद्यावर वजन आलं तसा तोंडातून कलमा निघायला लागला. फाटकावरचा शिपाई मान खाली घालून बाजूला झाला, कागदसुद्धा विचारले नाहीत त्यानं. अशी टिटवी अरादला, आमच्या गॅरेजमागच्या अंगणात पोचली.

खोकं उघडलं. आत अंड्यासारखी गुळगुळीत, पिवळीधमक बॉडी, आणि बॉडीत एक पुस्तक. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून छापलेला तिचा इतिहास. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी शिकलो ते स्पेअर पार्टच्या डब्यांवरून. तरी ते पुस्तक मी सात वेळा वाचलं, कारण आपा, ते आपल्याच भावकीतलं वाटतं. ऑगडेन नावाचा माणूस न्हाणीघराचे फायबरचे टब बनवायचा. १९६८ला त्यानं गोठ्यातल्या गाई बाहेर काढल्या आणि टबाच्याच साच्यात फेरफार करून पहिली गाडी केली. (तिच्या तळाला पाणी जायचं भोक तसंच राहिलं होतं. पावसात फार उपयोगी पडलं, असं पुस्तक म्हणतं.) गाई वर्षभर दाराशी येऊन हंबरायच्या. घरी जोडलेल्या गाडीला तिकडे कर नव्हता, म्हणून पाच वर्षं बरी गेली. १९७३ला कर बसला, आणि गिऱ्हाईकही बसलं. मग ऑगडेन आणि त्याचा धाकटा भाऊ भांडले. कशावरून? तर गाडीचे दिवे गोल हवेत की चौकोनी! धाकटा चौकोनी दिव्यांचे साचे उचलून गेला तो नऊ वर्षं बोलला नाही. (आपल्याकडे बांधावरच्या फणसावरून होतं, तिकडे दिव्यावरून.) मग थोडी बरकत, मग छपराला आग, मग मंदी. पंचवीस वर्षांत गाड्या झाल्या एकशे बारा. वाचता वाचता माझे डोळे भरले. एवढं सोसून हा माणूस उभा आहे, तर आपणही उभं राहू, असं म्हणून पहिल्या खेपेला मी शेवटचं पान उलटलं. तिथं एक चिठ्ठी डकवली होती. कंपनी बंद झाली आहे, लोभ असावा.

मी पत्र घातलं. उत्तर ऑगडेनच्या बायकोचं आलं. चासी मफी, दारं मफी (इथले अरब 'नाही'ला मफी म्हणतात), साचे भंगारात गेले. ऑगडेन आता बागेत ठेवायची तळी बनवतो आणि गाडीचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसतो. गोठ्यात पुन्हा गाई आहेत, त्या त्याला काही विचारत नाहीत, एवढंच बरं, असं तिनं लिहिलंय. बाईचं अक्षर थेट तुझ्यासारखं, उजवीकडे कललेलं. मला ते पत्र दोनदा बाजूला ठेवावं लागलं.

तेव्हापासून रोज दुपार कलली की असरच्या नमाजानंतर मी त्या बॉडीत तुपाचा डबा पालथा घालून बसायचो. चाकं नाहीत, दारं नाहीत, स्टीअरिंगचं भोक उजवीकडे आणि इथल्या गाड्यांचं सगळं डावीकडे. तीस वर्षांत बंद पडलेली एकही गाडी मी तशीच सोडली नाही. माझी स्वतःची मात्र सुरू व्हायच्या आधीच बंद! मग गॅरेजचा मालक म्हणाला, अंगण रिकामं कर. भंगारवाला दोनदा येऊन बॉडीवर टिचक्या मारून गेला. त्या मला माझ्या टाळूवर लागल्या. तुला दाखवायला माझ्याकडे काही नाही, आपा. काळे हात होते, ते घेऊन आलो होतो, तेच घेऊन परत येतोय.

असो. सगळ्यांना सलाम, नाझिशला पापा.

तुझा अल्या

ता. क. आता खरं काम. बॉडी मी भंगारात दिली नाही. माझ्यानं झालं नाही ते. खिजरच्या ऑफिसातून बोटीनं मुंबईला धाडली, तिथून ट्रकनं तुझ्या दारात येईल. लांबी बारा फूट, रुंदी पाच. शेळीला थोडे दिवस पडवीत बांध आणि गोठ्याचं दार रुंद करून घे. स्टीअरिंग उजवीकडे आहे, ते आपल्याकडे चालतं! कुठून तरी जुन्या जीपची चासी बघू. ऑगडेननं गोठ्यात सुरू केली, मी गोठ्यात पुरी करीन. पहिल्या फेरीला तू पुढे बसायचं.

आणखी एक. बोट सुटल्याची तार खिजरनं तुला केली. शब्द वाचवून. आज कौतुकानं मला दाखवली: "अलीमियाँ बॉडी बोटीने पाठवली. उतरवून घ्या." मी कपाळ बडवून त्याला परत पिटाळलं, तर पठ्ठ्यानं दुसरी तार केली: "घाबरू नका. फक्त बॉडी आहे." गावच्या पोस्टातला फोन पावसाळ्यापासून मेलेला, म्हणून हे पत्र, आणि म्हणून ती पहिली ओळ. माझ्या नावानं फातिहा झाली असेल तर राहू दे, कधीतरी लागेलच. जेवण घातलं असेल तर मटण कसं झालं होतं ते कळव. कबर खणली असेल तर मात्र बुजव. बारा बाय पाचला ती तशीही पुरायची नाही.

आणि शेवटचं. तू रडली असशील, त्याचा विचार करवत नाही. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण खदिजाच्या हातानं नको, तुझ्या त्या कललेल्या अक्षरात दे. "अल्या, तू जिवंत आहेस" एवढं तुझ्याकडून आलं की माझाही विश्वास बसेल. लवकर लिही.