अम्मीचं माडगं

वरवंड, २००१

संपादकसाहेब,

माझी गोष्ट तुम्ही परत पाठवलीत. वर शेरा, "मुस्लिम घर वाटत नाही. बिर्याणी, शीरखुर्मा येऊ द्या. आईची भाषाही उर्दू हवी."

अहो, मरायच्या आदल्या दिवशी अम्मी म्हणाली, "सुफे, वाईच हुलग्याचं माडगं कर गं, गूळ घालून." दोन घोट प्याली आन् हसली. तेवढीच तर गोष्ट हाय!

आठवडाभर डोकं भणभणतंय. काल चिडून गोष्टीत तिला उर्दूत बिर्याणी मागायला लावली. वाचून बघितलं, तर अंथरुणावर भलतीच कुणी बाई.

हे पत्र चुलीत जाईल. गोष्ट मात्र उद्या तुमच्याकडं येईल, छापून यायची हौस मेली सुटत न्हाई. छापा तुमची बिर्याणी. त्यात माझी अम्मी उपाशीच गेली.

तुमची 'होतकरू लेखिका',
सुफिया शेख